रेडिओ एकाच खोलीत होता

गेल्या पंधरवड्यात तोच फोटो चौथ्यांदा आला. मर्फीचा जुना रेडिओ, वर क्रोशाचा रुमाल, शेजारी फुलदाणी. आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, की हा ज्यांच्या घरी होता त्यांचं बालपण खरं श्रीमंत. खाली शंभरेक बदाम आणि ‘आमच्याकडे पण होता’ची रांग.

असेल. मी नाही म्हणत नाही. मर्फीचा कारखाना तर आपल्या ठाण्यातच होता, त्यामुळे या फोटोवर आपला हक्क जरा जास्तच. पण वीस-बावीस वर्षं या पट्ट्यात बातमीदारी केल्यावर एक खोड लागते. कुणी ‘सगळ्यांकडे होतं’ म्हणालं की विचारावंसं वाटतं, सगळ्यांकडे म्हणजे नेमकं कुणाकडे?

माझं आजोळ डोंबिवली पूर्वेचं. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर दुमजली चाळ, चौदा खोल्या, मागे विहीर. आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. चौदा खोल्या आणि रेडिओ एक. तो वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत. तिथे जे राहायचे त्यांना आपण अण्णा म्हणू. खरं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं मला इथे फॉलो करतात आणि माझ्याशी चांगली वागतात.

एकच रेडिओ का, याची कारणं साधी होती. पहिलं म्हणजे वीज. ठाकुर्लीच्या चोळा वीजघरात 1929 पासून रेल्वेसाठी वीज तयार होत होती, त्यावर आजोबांची लोकल धावायची. पण त्याच रुळांच्या कडेला असलेल्या आमच्या चाळीत 1960 च्या आधी दिवा लागणाऱ्या खोल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी कंदील. दुसरं कारण पैसा. आजोबांच्या हिशेबाने रेडिओ म्हणजे दोन-अडीच महिन्यांचा पगार. आणि विकत घेऊन भागत नव्हतं. दरवर्षी पोस्टात जाऊन लायसन्स काढायचं, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. आज विशीतल्या पोरांना सांगितलं तर त्यांना गंमत वाटते, गाणी ऐकायला सरकारी परवाना! पण तेव्हा तो होता, आणि ऐंशीच्या दशकापर्यंत होता. अण्णांनी ते पुस्तक देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं होतं. पाहुणे आले की बाहेर काढायचे.

तर मी आईला बसवलं आणि म्हटलं, तुझ्या लहानपणीचा रेडिओचा एक अख्खा दिवस सांग. आई आज सत्त्याहत्तर वर्षांची आहे. तिने 1959 च्या आसपासचा बुधवार निवडला. बुधवारच का, ते पुढे येईलच.

सकाळ. दिवा लागायचा, पण रेडिओ लगेच बोलायचा नाही. आतले व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे. तोवर अण्णा रुमाल काढून घडी घालायचे. मग ती आकाशवाणीची धून. आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या कानात ती आहे, पण ती बांधली कुणी हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वॉल्टर कौफमन नावाचा ज्यू संगीतकार. हिटलरच्या काळात युरोप सोडून 1934 मध्ये मुंबईत आला, इथल्या रेडिओत लागला आणि 1936 च्या सुमारास त्याने ती धून दिली. म्हणजे आपली पहाट ज्या सुरांनी व्हायची ते एका निर्वासिताचे. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “असेल बाई, आम्हाला तर ते तंबोऱ्यामुळे आपलंच वाटायचं.”

मग ‘मुंबई ब’. मराठी कार्यक्रमांचं केंद्र ते. भक्तिगीतं, बातम्या, आणि बातम्यांच्या आधी वेळ कळण्यासाठी टिक-टिक. चाळीतली घड्याळं त्यावर लावली जायची आणि त्या घड्याळांवर पुरुषमंडळी लोकल पकडायची. लोकल गेली की रेडिओत खरखर व्हायची. आजोबा ज्या गाडीने जायचे ती गेल्याचं आजीला त्या खरखरीतून कळायचं. ती खाली चुलीपाशी असे, वरून बातम्यांचा आवाज अर्धवट येई, मध्येच खरखर आली की म्हणे, “गेले हे.”

या सकाळी अण्णांचं दार अर्धं लोटलेलं असायचं. पूर्ण बंद नाही, पूर्ण उघडं नाही. ज्याला ऐकायचं त्याने गॅलरीत उभं राहावं. आत कुणी यायचं नाही, म्हणजे तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण कुणी जात नव्हतं. वरच्या मजल्यावरची मुलं उंबरठ्यापाशी, खालच्या मजल्यावरची जिन्यात. आणि मागच्या आळीतून झाडू-सफाईला येणारी बाई अंगणात झाडू टेकवून क्षणभर थांबायची, बातम्या संपेस्तोवर. आईला तिचा चेहरा आठवतो. रेडिओ ऐकताना ती नेहमी वर गच्चीकडे बघायची, जणू आवाज तिथून येतोय.

दार सताड उघडं राहण्याचे दिवस आजीच्या तोंडून मी अनेकदा ऐकलेत. ते गीतरामायणाचे. 1 एप्रिल 1955, रामनवमी, शुक्रवार. पुणे केंद्रावरून पहिलं गीत झालं आणि पुढे वर्षभर दर शुक्रवारी एक, अशी 56 गीतं. गदिमा लिहायचे, सुधीर फडके चाल लावायचे, आठवड्याला नवं गाणं, आणि बऱ्याचदा शेवटच्या घटकेपर्यंत धावपळ. घाटाखाली आमच्याकडेही त्याचं वेड पोचलं. त्या वर्षी अण्णांनी रेडिओ आतल्या खोलीतून दारापाशी आणून ठेवला. सतरंजी अंथरली. आजीचं म्हणणं, रामाला दार लावून कसं ऐकणार? झाडूवाली बाई मात्र त्याही वर्षी अंगणातच होती. आजी हे सांगताना थांबायची नाही, ओघात सांगून पुढे जायची. मीच दरवेळी तिथे अडकायचो.

दुपार. ही बायकांची. पुरुष मुंबईला, पोरं शाळेत, अण्णा फोर्टातल्या त्यांच्या हापिसात. मग काकू, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, दार उघडायच्या. पूर्ण. सुपात तांदूळ, मांडीवर पोर, कुणाच्या हातात विणकाम, अशा सात-आठ जणी आत बसायच्या आणि ‘वनिता मंडळ’ लागायचं. पाककृती, मुलांची दुखणी, एखादी श्रुतिका, मध्ये भावगीत. आईला आठवतं, देवीची लस का टोचून घ्यावी हे तिच्या आईला पहिल्यांदा पटलं ते तिथे. दवाखान्यातल्या कंपाउंडरने दहादा सांगून पटलं नव्हतं.

पण मला यातली खरी गोष्ट वेगळी वाटते. त्या बायकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी थेट उद्देशून बोलत होतं. नवऱ्यामार्फत नाही, सासूमार्फत नाही. रोज ठरलेल्या वेळी, ‘अहो भगिनींनो’ करून, आणि शुद्ध, आदबशीर मराठीत. माझी आजी चौथी शिकलेली. तिला ‘अहो’ म्हणणारा पहिला परका आवाज रेडिओतला होता.

त्या आजीने एक पत्र लिहिलं. वनिता मंडळाला. तिने सांगितलं, आईने दहा वर्षांच्या हाताने पोस्टकार्डावर लिहिलं. विषय काय, तर डोंबिवलीच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्यात डाळ शिजत नाही, काय करावं. टाकलं पोस्टात. मग रोज दुपारी कान. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात काकू माहेरी गेल्या, पंधरा दिवस. दाराला कुलूप. अण्णा रात्री यायचे, त्यांना दुपारच्या कार्यक्रमाचं काय! काकू परतल्यावर पलीकडच्या वाडीतली एक बाई विहिरीवर म्हणाली, “तुमचं नाव घेतलं की हो रेडिओवर, डोंबिवलीच्या अमुकतमुक म्हणून.” काय उत्तर दिलं ते तिला आठवत नव्हतं.

आजी वारली 1998 मध्ये. डाळीसाठी चिमूटभर सोडा घालायचं ती नंतर कुठूनतरी शिकली. पण रेडिओवर काय सांगितलं होतं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही नातवंडं चेष्टा करायचो, आजी, तुझं नाव देशभर गेलं आणि तूच नव्हतीस. ती हसायची. आई नाही हसायची.

संध्याकाळ. ‘कामगार सभा’. गिरणगावापासून आपल्या अंबरनाथ-कल्याणच्या कारखान्यांपर्यंत लाखो माणसं पाळ्या करत होती, आणि त्यांच्यासाठी सरकारी रेडिओवर स्वतःची वेळ होती. लोकगीतं, कायद्याची माहिती, हलकीफुलकी नाटुकली. आता यातला विनोद बघा. ज्याच्यासाठी हा कार्यक्रम, तो आमचा कामगार त्या वेळी परळहून डोंबिवलीच्या गाडीत लटकत असायचा. आजोबांच्या वाट्याला कधी शेवटची पाच मिनिटं यायची, जिन्यात चपला काढता काढता. पण अण्णा, जे कारकून होते आणि कामगार या शब्दाने जरा नाक मुरडायचे, ते आरामखुर्चीत बसून पूर्ण ऐकायचे. म्हणायचे, वग चांगला होता आज.

रात्र. आता बुधवार का, ते.

बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. 3 डिसेंबर 1952 ला सुरू झाली. तिच्या जन्मामागे एका मराठी माणसाचा हात आहे, आणि तोही नकळत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, 1952 ते 1962 केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री. स्वतः शास्त्रीय संगीत शिकलेले. त्यांचं ठाम मत, की सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते. आकाशवाणीवर फिल्मी गाणी कमी केली, सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात म्हणून तेही बंद. निर्माते चिडले, वाद झाला, आणि गाणी आकाशवाणीवरून जवळपास गायबच झाली. त्या बदल्यात शास्त्रीय संगीताला भरपूर वेळ दिला, शनिवारी रात्रीची राष्ट्रीय संगीत सभा 1952 चीच. तिने पुष्कळ घरांत कान तयार केले, हेही लिहायलाच हवं. पेटीवर तर रेडिओत त्यांच्याही आधीपासून, 1940 पासून बंदी होती. आमच्या प्रत्येक आळीत भजनी मंडळाची पेटी वाजायची आणि रेडिओला ती अस्पृश्य.

लोकांनी मोर्चा काढला नाही. काटा फिरवला. मध्यम लहरीवरून लघुलहरीवर, मुंबईवरून कोलंबोवर. आणि यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की अमीन सायानी गीतमाला रेकॉर्ड करायचे ते मुंबईत. टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून आवाज समुद्रावरून परत यायचा. म्हणजे मुंबईतला माणूस डोंबिवलीला ऐकू यावा म्हणून श्रीलंकेला वळसा! आपल्याकडे उड्डाणपुलाचं काम निघालं की जसा पर्यायी मार्ग देतात, तसा.

अण्णा केसकरांच्या बाजूचे. सिलोन म्हणजे थिल्लर. त्यांच्या घरात बुधवारी आठला दार बंद. पण आत त्यांचा थोरला मुलगा होता, रुपारेलला जाणारा. आवाज अगदी बारीक करून, कान रेडिओच्या जाळीला लावून ऐकायचा. अण्णा त्या वेळी शतपावलीला जायचे. आता हे त्यांना ठाऊक नव्हतं की ठाऊक असून ते बरोबर आठलाच बाहेर पडत, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

मुलांसाठी दुसरी जागा होती. स्टेशनजवळच्या चहाच्या हॉटेलातला रेडिओ. एक चहा घेऊन तासभर उभं राहायचं, गाणं कितव्या पायदानावर गेलं यावर पैजा. मामा तिथे असायचा. आई? मुलीने हॉटेलपाशी उभं राहणं शक्यच नव्हतं. तिची जागा म्हणजे अण्णांच्या खोलीला लागून असलेला सामाईक कठडा. भिंतीला कान लावला की सूर कळायचे, शब्द नाहीत. तिला त्या काळातल्या कितीतरी गाण्यांच्या चाली पूर्ण येतात आणि शब्द अर्धेच. मी मोबाइलवर गाणं लावून देतो तेव्हा ती मध्येच थांबवते. म्हणते, “अस्सं होतं होय ते?” साठ-पासष्ट वर्षांनी.

एवढं मात्र तिला भिंतीतूनही नीट कळायचं, की हा माणूस सुरुवातीला ‘बहनों और भाइयों’ म्हणतो. आधी बहनों. तेव्हा सभेत, शाळेत, सगळीकडे ‘बंधू-भगिनींनो’. तिला ते इतकं लक्षात राहिलंय की सायानी 2024 मध्ये गेले त्या दिवशी तिने सगळं सोडून तेवढंच सांगितलं.

3 ऑक्टोबर 1957 ला सरकारने विविध भारती सुरू केली, कारण श्रोते परत आणायचे होते. ज्या गाण्यांना दारातून काढलं त्यांनाच पाट मांडला. उद्घाटनाचं गाणं पंडित नरेंद्र शर्मांनी लिहिलं, अनिल विश्वासांनी चाल दिली, मन्ना डे गायले. त्यानंतर अण्णांची जी तारांबळ झाली ती आई रंगवून सांगते. सिलोनवर लागलं की थिल्लर असलेलं गाणं विविध भारतीवर लागलं की ऐकण्यासारखं. सरकारने लावलंय म्हणजे काहीतरी विचार असेल! दार पुन्हा अर्धं उघडलं.

पुढे ‘पुन्हा प्रपंच’ आलं. टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, आणि पंत म्हणजे बाळ कुडतरकर. तिघं घरात बसून बोलतायत असं वाटायचं आणि त्यात रॉकेल, रांगा, नळाचं पाणी, सगळं यायचं. सरकारी रेडिओवरून सरकारच्या कारभारावर घरगुती कुरकुर. मी ज्याला आज स्थानिक पत्रकारिता म्हणतो त्यातलं पुष्कळ त्या तिघांनी हसत-खेळत केलं होतं, आणि आमच्यापेक्षा शुद्ध उच्चारांत.

आमच्या घरात स्वतःचा रेडिओ आला 1967 मध्ये. ट्रान्झिस्टर, सेलवर चालणारा, चामड्याच्या कव्हरातला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूरला जाहिराती सुरू झाल्या. आई तेव्हा अठराची. तिने पहिल्या दुपारी वनिता मंडळ लावलं आणि आजीला हाक मारली. आजी आली, बसली, पाच मिनिटांत उठली. म्हणे, एकटीने काय ऐकायचं. आणि दुपारी सूप घेऊन काकूंकडे गेली. अण्णांचा मोठा रेडिओ तोवर बिघडला होता, तरी गेली.

हे सगळं मी का लिहितोय? कारण तो फोटो टाकणारे बहुतेक जण अण्णांच्या खोलीतले आहेत. त्यात वाईट काही नाही. पण जिन्यातून, कठड्यावरून, अंगणातून ज्यांनी रेडिओ ऐकला त्यांची संख्या कितीतरी मोठी, आणि त्यांच्याकडे टाकायला फोटो नाही. मधल्या पिढीला वाटू लागलंय की तेव्हा सगळे मिळून-मिसळून ऐकत होते. ऐकत होते, पण कुणी कुठे बसून, हे ठरलेलं होतं. काय ऐकायचं ते दिल्लीत एक मंत्री ठरवत होते, कधी ऐकायचं ते अण्णा. आज गाण्यांची निवड फोन करतो, आणि तो कुणाच्या हुकुमाने करतो ते आपल्याला कळतही नाही. केसकर निदान संसदेत उत्तर तरी द्यायचे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. कामगाराला, घरातल्या बाईला, शेतकऱ्याला ठरलेली वेळ देऊन, नीट भाषेत, ‘अहो’ म्हणून बोलणारं माध्यम आज मला दाखवा. विकायला काही नसताना बोलणारं. मला शोधून लवकर सापडत नाही. मी स्वतः ज्या धंद्यात आहे तिथे तर नाहीच.

तर एक विनंती. आकाशवाणीचं त्या काळातलं पुष्कळसं थेट व्हायचं, आणि टेप महाग म्हणून तीच पुसून पुन्हा वापरली जायची. त्यामुळे त्या दुपारी काय बोललं गेलं त्यातलं बरंच आता फक्त ऐकणाऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि ते ऐकणारे आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, कुठलेही असोत. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांनी लिहाच. पण ज्यांच्या घरी नव्हता आणि तरी ऐकला, त्यांनी आधी लिहा. कुठे उभे राहून ऐकलात, दार कुणाचं होतं, काय ऐकू यायचं आणि काय नाही. टाइप करायला जमत नसेल तर नातवंडांना सांगा, किंवा मला मेसेज करायला लावा, मी घरी येऊन रेकॉर्ड करून घेईन. रविवारी सकाळी मोकळा असतो.

आणि 1959-60 च्या सुमाराला डोंबिवलीत कुणी वनिता मंडळ नेमाने ऐकत असेल, आणि मचूळ पाण्यात डाळ कशी शिजवायची याचं उत्तर कानावर पडल्याचं आठवत असेल, तर कृपया कमेंटमध्ये न लिहिता मला फोन करा. आई शेजारीच बसलेली असते.